जुन्या मोटरसायकलच्या चाकाला धरून बसलेली ब्रेक डिस्क कशी काढायची

पॅड बदलले, ब्रेक ऑइल बदललं, तरी ब्रेक दाबला की लिव्हर बोटाखाली धडधडत राहते. चाक काढून बघावं तर डिस्क झिजून कडेला ओठ आलेला. नवीन डिस्क आणली जाते आणि मग जुनी निघता निघत नाही. एखादा बोल्ट सरळ सुटतो, शेजारच्याचं अ‍ॅलनचं षटकोनी भोक गोल होतं, त्याच्या पुढचा डोक्यापाशी तुटतो. सगळे बोल्ट निघाले तरी डिस्क हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, वेल्डिंग केल्यासारखी चिकटलेली. वर्षानुवर्षं न उघडलेल्या चाकावर हे हमखास होतं, आणि या वेळी डिस्क नीट साफ करून बसवली नाही तर पुढच्या वेळीही तेच होणार.

हातोडा किंवा हीट गन उचलण्याआधी एकच गोष्ट ठरवा: अडकलंय काय, बोल्ट की डिस्क? माझ्या मते या कामात जेवढे हब फुटतात, जेवढ्या चांगल्या डिस्क वाकतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ या दोन दुखण्यांना एकच औषध देण्यात असतं. उष्णतेचंच घ्या. बोल्टसाठी त्याच्या भोवतीचा हब तापवणं योग्य, आणि चिकटलेल्या डिस्कसाठी हब तापवणं अगदी उलटं काम.

कारण धातूंत आहे. बहुतेक चाकांचा हब अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचे आणि डिस्क स्टेनलेसच्या जातीची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट फुगतं. बोल्ट हबच्या आत असतो, म्हणून हब तापला की बोल्टाभोवतीचं भोक बोल्टापेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सैल पडते. डिस्कचं मात्र उलटं आहे. डिस्क हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर बाहेरून बसलेली असते. तो उंचवटा ६० मिमी व्यासाचा धरा आणि दोन्ही भाग सारखेच १०० अंश सेल्सियसने तापले असं समजा. उंचवटा जवळपास ०.१४ मिमीने फुगेल, डिस्कचं भोक जेमतेम ०.०७ मिमीने वाढेल. म्हणजे जेवढं तापवाल तेवढी डिस्क आणखी आवळली जाईल. डिस्क सोडवायची तर एकट्या डिस्कचा आतला भाग झटपट तापला पाहिजे आणि हब थंड राहिला पाहिजे.

आता चिकटतं कशामुळे तेही बघू. बोल्टांच्या आट्यांना कारखान्यातच थ्रेड लॉकर, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून वापरायचा चिकट द्रव, लावलेलं असतं, ते वाळून प्लास्टिकसारखं कडक होतं. त्यात पाणी आणि मीठ शिरलं की दोन वेगळ्या धातूंमध्ये गॅल्व्हॅनिक गंज सुरू होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे ती फटीत पाचर मारल्यासारखी घट्ट बसते. डिस्कच्या आतल्या कडेला हबपाशी पांढरट रेघ दिसली तर समजा की बोल्ट काढून काम संपणार नाही, डिस्कही धरलेली आहे. नुसती तांबूस रेघ असेल तर ती पोलादाच्या गंजाची, आणि ती तुलनेने लवकर सुटते.

सुरुवातीला चाक गाडीवरून उतरवा आणि कॅलिपरच्या पॅडमध्ये लाकडाची पातळ पट्टी घाला. डिस्क नसताना कुणी चुकून लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येतात. जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. डिस्क पुन्हा वापरायची असेल तर ती कोणत्या बाजूची, कोणत्या बोल्टासमोर आणि बाहेरचा चेहरा कोणता याची मार्करने खूण करा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने आताच मोजून घ्या. जाडी त्याखाली गेली असेल तर डिस्क भंगारात जाणार हे ठरलं, आणि मग कापणं, ठोकणं, पुलरने ओढणं हे सगळे मार्ग मोकळे. डिस्क वाचवायची असेल तर हातात फारच थोडे मार्ग उरतात.

चाक ठेवण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि तिथेच अर्धी ताकद वाया जाते. टायर जमिनीवर टेकवून वरून ठोकलं तर टायर दबतो आणि घाव बोल्टापर्यंत पोहोचतच नाही. हबच्या खाली, शक्य तितकं त्या बोल्टाच्या सरळ खाली, जाड लाकडाचा ठोकळा हवा. दुसऱ्या बाजूलाही डिस्क असेल तर ठोकळ्याचा टेकू हबला द्या, त्या डिस्कवर चाकाचं वजन अजिबात येऊ देऊ नका. मागच्या चाकाचं स्प्रॉकेट आधी उतरवलं तर चाक सपाट बसतं.

आता बोल्ट. टोकदार पोकराने अ‍ॅलनच्या भोकातली माती तळापर्यंत खरवडून काढा. वाळलेल्या मातीचा एक-दीड मिमीचा थर राहिला तरी बिट पूर्ण आत जात नाही, आणि वरच्या कडांवर जोर पडून भोक गोल होतं. गोल डोक्याच्या बटण बोल्टांत भोक आधीच उथळ असतं. चांगल्या पोलादाचा, कडा न झिजलेला, सॉकेटला बसणारा अ‍ॅलन बिट घ्या. ‘एल’ आकाराची अ‍ॅलन की आणि गोळी टोकाचा बिट या कामाला नकोच. बिट भोकात ठेवून हातोडीचे दोन-तीन कडक टोले द्या. बिट नीट बसतो आणि आट्यांतली गंजाची पकडही थोडी तडकते. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांवर षटकोनी डोक्याचे बोल्ट आणि त्यांच्याखाली दुमडलेले लॉक वॉशर असतात. तिथे आधी छिन्नीने वॉशरचे कान पूर्ण सपाट करा आणि मग सहा कोनी सॉकेट लावा. बारा कोनी नको.

यानंतरचं माझं आवडतं हत्यार म्हणजे हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो उलट्या दिशेला लावा, हाताने डावीकडे पीळ देऊन धरा आणि जड हातोड्याने एकच नेमका घाव घाला. हलके दहा टोले देण्यापेक्षा हा एक घाव कामाचा, कारण ड्रायव्हर आत दाबला जातानाच फिरतो. त्यामुळे बिट भोकातून वर सरकत नाही. बोल्ट सुटतो तेव्हा ‘कट्’ असा कोरडा, स्पष्ट आवाज येतो आणि त्यानंतर तो सहज फिरू लागतो. आवाज न होता बोल्ट रबरासारखा मऊ फिरतोय असं हाताला जाणवलं तर ताबडतोब थांबा. तो सुटत नसतो, पिळला जात असतो, आणि अजून पाव फेरा दिलात तर डोकं हातात येईल. हे जाणवायला लांब दांडी नको, कारण लांब दांडीने हाताला काही कळतच नाही. इलेक्ट्रिक इम्पॅक्ट गनही मी शेवटपर्यंत लांब ठेवतो. तिने बोल्ट सुटतो तरी किंवा तुटतो तरी, पण मधली सूचना मिळत नाही.

इम्पॅक्ट ड्रायव्हरनेही बोल्ट हलला नाही तर उष्णता. गंज सोडवणारं तेल वाळलेल्या थ्रेड लॉकरचं काही करत नाही. शिवाय बंद भोकाच्या हबमध्ये ते आट्यांपर्यंत पोहोचतही नाही. बोल्ट हबच्या आरपार जात असेल आणि मागून आटे दिसत असतील तेव्हा मात्र मागून तेल सोडून रात्रभर ठेवणं फायद्याचं. थ्रेड लॉकरला मऊ करते ती उष्णताच. नेहमीचं मध्यम ताकदीचं लॉकर तापवल्यावर ढिलं पडतं, आणि उंच ताकदीचं लाल लॉकर मोडायला बोल्ट साधारण २५० अंशांच्या आसपास जावा लागतो. एवढी उष्णता अख्ख्या हबला देणं चूक. बेअरिंगचं ग्रीस वितळून वाहतं, ऑइल सीलचं रबर कडक होतं, हबचा रंग जातो, आणि उष्णतेवर पक्व केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद २०० अंशांच्या पुढे दीर्घकाळ राहिलं तर उतरू लागते. म्हणून उष्णता बोल्टाच्या डोक्यातूनच आत पाठवायची. जाड टोकाचा मोठा सोल्डरिंग आयर्न अ‍ॅलनच्या भोकात पाच-दहा मिनिटं धरून ठेवा. इंडक्शन हीटर असेल तर आणखी सोपं, काही सेकंदांत काम होतं. हीट गन वापरत असाल तर बोल्टाच्या शेजारी हबला नेहमीच्या टिन-शिशाच्या सोल्डरची तार टेकवून बघत रहा. ती १८५ अंशांच्या सुमारास वितळते. वितळली की हबला तेवढी उष्णता पुरे झाली, गन बाजूला करा आणि लगेच इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. बोल्ट थंड झाल्यावर लॉकर पुन्हा धरतं, त्यामुळे एका वेळी एकच बोल्ट तापवा आणि सोडवा.

इथे एक इशारा, आणि तो मनापासून आहे. गंज सोडवणारं तेल किंवा ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत किंवा हीट गन आणू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो, आणि तो खूप तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. बाकीचे क्लीनर सरळ पेट घेतात. आधी फडक्याने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या, दारं-खिडक्या उघडा, मगच तापवा. चाक मॅग्नेशियमचं असेल, काही रेसच्या आणि हौशी चाकांत ते असतं, तर ज्योत जवळही नको.

बोल्टाचं भोक गोल झालंच तर आधी किंचित मोठा टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराचा, बिट हातोडीने ठोकून बसवा. तो कडांत स्वतःची जागा कोरतो आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या एका घावाला बऱ्याचदा बोल्ट देतो. तेही जमलं नाही तर डोकं ड्रिलने उडवा. हा उपाय ऐकायला भीतिदायक वाटतो, पण मला तो सगळ्यांत सुरक्षित वाटतो. ८ मिमी बोल्टासाठी आधी मधोमध पंच मारा, लहान बिटने सुरुवात करा आणि शेवटी ८ मिमीच्या किंवा किंचित मोठ्या बिटने फक्त डोक्याच्या जाडीपुरतंच खाली जा. डोकं अंगठीसारखं सुटून बिटवर फिरू लागलं की थांबा. डोक्याखालचा ताण गेला की बोल्टाचा उरलेला भाग खूपदा अनपेक्षितपणे सैल असतो. डिस्क निघाली की त्याचं बुंध हबच्या वर दोन-चार मिमी डोकावतं आणि लॉकिंग प्लायरने धरून हाताने निघतं. बुंध हबच्या पातळीत तुटलं असेल तर त्यावर नट ठेवून आत वेल्ड भरा. वेल्डिंगची उष्णता आणि पकडायला नट, दोन्ही एकदम मिळतं. अर्थिंगची क्लॅम्प मात्र हबलाच, बोल्टाच्या अगदी जवळ लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर खड्डे पडतात. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर आत घालून पिळू नका. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही येत नाही.

आटे खराब झालेच तर ८ मिमी बोल्टाला तारेचा इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवता येतो. नवीन आटे मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ असतात. भोक मात्र डिस्कला काटकोनात पडायला हवं, म्हणून हाताच्या ड्रिलपेक्षा ड्रिल स्टँड वापरा.

आता डिस्क. सगळे बोल्ट एकदम पूर्ण काढू नका. दोन समोरासमोरचे बोल्ट दोन-तीन फेऱ्यांनी ढिले ठेवून आत राहू द्या. डिस्क अचानक सुटली तर ती उडत नाही, आणि तिरकी होऊन उंचवट्यावर अडकण्याचा धोकाही कमी होतो. डिस्क आणि हब यांच्या सांध्यावर गंज सोडवणारं तेल घाला. इथे ते खरोखर उपयोगी पडतं. चाक डिस्कची बाजू वर करून रात्रभर ठेवा, म्हणजे तेल सांध्यात खाली उतरतं.

सकाळी डिस्क उचलण्याआधी फिरवायचा प्रयत्न करा. पांढरी भुकटी सरळ ओढीला जोरदार विरोध करते, पण पिळाला पटकन तडकते. ढिले ठेवलेले दोन बोल्ट तेवढ्यापुरते काढून ठेवा. डिस्कच्या आतल्या चौकटीतल्या एखाद्या मोकळ्या खिडकीत कठीण लाकडाचा तुकडा आडवा धरा आणि हातोडीने डिस्कच्या गोलाईच्या दिशेने ठोका. एकदा घड्याळाच्या दिशेने, एकदा उलटं. बोल्टाच्या भोकाची कडा हबच्या भोकापासून अर्धा मिमी जरी सरकलेली दिसली तरी निम्मी लढाई संपली. मग पुन्हा तेल घाला, पुन्हा हलवा, आणि दोन बोल्ट परत सैल लावून उचलायला घ्या.

उचलताना चाक उलटं करा आणि हबच्या मागून, स्पोक किंवा आऱ्यांमधून, पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा दांडा, डिस्कच्या आतल्या भागाला टेकवा. घाव बोल्टाच्या भोकांशेजारी, आणि दरवेळी समोरासमोरच्या जागी. एकाच बाजूला मारत गेलात तर डिस्क तिरकी होऊन उंचवट्याला चावते. जिथे पॅड घासतो त्या बाहेरच्या पट्ट्यावर कधीही मारू नका. फ्लोटिंग डिस्क असेल, म्हणजे बाहेरचा पट्टा आणि आतली चौकट बॉबिनने जोडलेली असेल, तर बाहेरच्या पट्ट्याला हातही लावू नका. बॉबिन एकदा चेपली की डिस्क गेली. ओतीव लोखंडाच्या जुन्या डिस्कला तर जोराचा घाव मुळीच चालत नाही, ती वाकत नाही, तडकते.

एवढ्यानेही न निघाली तर आता डिस्कची उष्णता. हबच्या मधल्या भागावर थंड पाण्याने भिजवून पिळलेलं फडकं गुंडाळा, बेअरिंगमध्ये पाणी जाणार नाही एवढं बघा. सांध्यावर तेल असेल तर पुसून कोरडं करा. मग हीट गनने डिस्कच्या आतल्या कडेभोवती गोल फिरत तापवा, एका जागी थांबू नका. दीड-दोन मिनिटांत डिस्क तापते, हब अजून थंड असतो. त्याच क्षणी मागून समोरासमोर टोले द्या. फार वेळ तापवत बसलात तर उष्णता हबमध्ये उतरते आणि वर सांगितल्याप्रमाणे पकड आणखी घट्ट होते. म्हणून पहिल्या प्रयत्नात नाही निघाली तर सगळं पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा करा. डिस्कची आतली चौकट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर आणखी चांगलं, कारण ती पोलादी डिस्कपेक्षा जास्त फुगते.

तीन पायांचा पुलर हा त्यापुढचा मार्ग, आणि जी डिस्क फेकायचीच आहे तिच्यासाठी तो ठीक आहे. पुलरचे पाय आतल्या चौकटीखाली अडकवा. मधला स्क्रू बेअरिंगवर टेकवू नका. हबच्या कडेवर जाड पोलादी चकती ठेवा आणि त्यावर स्क्रू टेकवा. पुलरने ताण द्या, ताण राखून डिस्कच्या आतल्या भागाला हलके टोले द्या, पुन्हा पाव फेरा ताण. नुसता ताण वाढवत गेलं तर हबची कडा तुटते, आणि चाकच बदलावं लागतं.

डिस्क निघाली की पुढच्या वेळी हेच दुखणं नको असेल तर खरी मेहनत इथे आहे. हबचा सपाट चेहरा आणि मधला उंचवटा, दोन्हीवरची पांढरी भुकटी पितळी ब्रश आणि घासणीच्या जाळीने पूर्ण काढा. खरवडी वापरायची तर प्लास्टिकची किंवा लाकडाची. अ‍ॅल्युमिनियमवर खोल ओरखडा आला तर नवीन डिस्क तिरकी बसते. सपाट चेहऱ्यावर चिमूटभर भुकटी राहिली तरी बाहेरच्या कडेला डिस्क डोलते आणि लिव्हर पुन्हा धडधडते. बऱ्याच दुरुस्ती पुस्तिकांत हे डोलणं ०.३ मिमीपर्यंतच चालतं. डायल गेजने बसवल्यावर मोजा. बोल्टाच्या भोकांत टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने फिरवून जुन्या लॉकरची पूड काढा, ब्रेक क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या. आटे कापायचे नाहीत, फक्त साफ करायचे.

उंचवट्यावर अँटीसीझ, म्हणजे धातू एकमेकांना चिकटू न देणारी, पेस्ट बोटाने पुसून घ्या, अगदी पातळ, दिसेल न दिसेल एवढी. ती डिस्कच्या पट्ट्यावर किंवा बोल्टाच्या आट्यांत जाता कामा नये. बोल्ट नवीनच घ्या, कारण एकदा तापवलेल्या आणि पिळलेल्या बोल्टावर ब्रेकचा भरवसा ठेवणं मला मान्य नाही. आट्यांवर मध्यम ताकदीचं लॉकर, दोन थेंब. लाल नको, त्यामुळेच पुढच्या वेळी हब तापवत बसावं लागतं. बोल्ट समोरासमोर, दोन टप्प्यांत आवळा. आवळायचा जोर गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. डिस्कच्या ८ मिमी बोल्टांना वेगवेगळ्या गाड्यांवर साधारण २० न्यूटन मीटरपासून ४० च्या पुढेही दिलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही.

शेवटी डिस्कचे दोन्ही चेहरे ब्रेक क्लीनरने आणि स्वच्छ फडक्याने पुसा. जुन्या पॅडवर तेल सांडलं असेल तर ते फेकून द्या, तापवून किंवा घासून ते परत कामाचे होत नाहीत. चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत रहा, कारण पिस्टन मागे गेलेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या जागेत मध्यम वेगावरून हळूहळू ब्रेक लावत पॅड आणि डिस्क एकमेकांना जुळू द्या, मध्ये थंड व्हायला वेळ द्या, आणि थोडं अंतर चालवल्यावर सगळ्या बोल्टांवर टॉर्क पाना एकदा पुन्हा टेकवून बघा.